आधी सुताराला बोलवा

सिस्टर, तुमचं सदर मी नेहमी वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहिते आहे. आम्ही फोंडा तालुक्यातले. मिस्टरांना जाऊन 6 वर्षं झाली. मला एकच मुलगी, वय 27, पणजीला एका लॅबमध्ये कामाला आहे. जन्मली तेव्हा मुलगा म्हणून बारसं केलं होतं. 4 वर्षांपूर्वी तिने सगळं सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आता बरीच सावरले आहे. तिच्या हार्मोनच्या गोळ्या सुरू आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला तिचं खालचं ऑपरेशन ठरलंय. पैसे तिने स्वतः साठवलेत, पण वर्षभर लेसरवर एवढे उडवले नसते तर आता कमी पडले नसते. मी पाटल्या मोडायला तयार आहे.

डॉक्टरांनी इंग्रजी कागद दिलाय. ती मला वाचून दाखवते, पण मधल्या ओळी गाळते ते मला कळतं. रोज तीनदा काहीतरी आत घालून ठेवायचं असतं म्हणे. ते मला करावं लागणार का? विचारायला तोंड उघडत नाही. भर पावसात जखम चिघळणार नाही का? आमचं घर जुनं, तिची खोली मधली, न्हाणीघराकडे जायची वाट तिथूनच, दाराला नुसता पडदा. गणेश चवथीला आमच्याकडे 40 माणसं जमतात, त्यांना काय सांगू? त्यापेक्षा दिवाळीपर्यंत थांब म्हणू का? आणि पुढे लग्न, मूलबाळ? रात्री झोप लागत नाही.
एक आई

ताई,

छापील अक्षरात दिसत नाही म्हणून वाचकांना सांगून टाकते: तुमच्या मूळ पत्रात पहिल्या तीन ठिकाणी तुम्ही ‘मुलगा’ लिहून, त्यावर रेघ मारून वर ‘मुलगी’ केलंय. चौथ्या ठिकाणी थेट ‘मुलगी’. त्यामुळे तुम्हाला समजवण्यात मी शाई घालवत नाही, कामाचंच बोलते.

पहिलं काम सुताराचं. तिच्या खोलीला पडदा आहे म्हणता, तो काढा आणि दार बसवा, आतून कडी लागेल असं. आणि ते आत्ताच, मे महिन्यात. पाऊस लागला की लाकूड फुगतं, मग दार चौकटीत बसत नाही आणि कडी कोयंड्यात जात नाही, हे कौलारू घरात राहणाऱ्या बाईला मी काय सांगायचं! न्हाणीघराकडे जायची वाट तिथूनच असेल तर एक तर वाट बदला, नाही तर खोली बदला. देवखोलीजवळची, पडवीतली, कुठलीही चालेल, पण दिवसातून तीन वेळा तास-तासभर जिथून कुणी ये-जा करणार नाही अशी. ऑपरेशन सर्जन करणार आहे. त्यानंतरचे 3 महिने मात्र त्या कडीवर अवलंबून आहेत. का, ते पुढे येईलच.

आता तिने गाळलेल्या ओळी. तिचा कागद मी पाहिलेला नाही, पण असे कागद नोकरीत बरेच पाहिलेत. लेकीला आईसमोर काही शब्द उच्चारता येत नाहीत, ते मी उच्चारते. तुम्ही सावकाश वाचा, वाटलं तर दार लावून.

सगळ्यात जास्त होणाऱ्या पद्धतीत लिंगाची कातडी टाकून देत नाहीत. मूत्रमार्ग आणि गुदाशय यांच्या मध्ये जागा तयार करतात आणि ती कातडी आत वळवून त्या जागेला अस्तर लावतात. हा झाला योनीमार्ग. लिंगाच्या टोकाचा लहानसा भाग त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्या शाबूत ठेवून क्लिटोरिसच्या (बाईच्या योनीमुखावरच्या संवेदनशील दाण्याच्या) जागी बसवतात, म्हणून तिथे संवेदना राहते. वृषण काढून टाकतात आणि त्यांच्या पिशवीच्या कातडीतून बाहेरचे ओठ घडवतात. मूत्रमार्ग आखूड करून त्याचं तोंड बाईच्या जागी आणतात. प्रोस्टेट ग्रंथी तशीच आत राहते. ही गोष्ट तिने आयुष्यभर ध्यानात ठेवायची, कारण पन्नाशीनंतर एखादा नवा डॉक्टर तिच्याकडे बघून प्रोस्टेटचं विचारणारच नाही. सगळं मिळून साधारण 4 ते 6 तास, पूर्ण भूल देऊन.

कातडी पुरेशी नसली, किंवा सर्जनचा हात तसा बसलेला असला, तर मोठ्या आतड्याचा तुकडा वापरूनही योनीमार्ग करतात. त्याला आतून स्वतःचा ओलावा असतो, पण पोटातलं ऑपरेशन वाढतं आणि स्रावही जास्त येतो. काही ठिकाणी पोटाच्या आतल्या पातळ पडद्याचं अस्तर घेतात. आणि एक चौथा मार्ग आहे, त्यात फक्त बाहेरचा आकार करतात, आत मार्ग करतच नाहीत. त्यात रोजचं तीनदा वगैरे काही नसतं. तिला तो हवा आहे असं मी म्हणत नाही. पण यातलं नक्की काय ठरलंय, एवढं तुम्ही तिला विचारू शकता. प्रश्न तुम्ही असा नेमका विचारलात की तिची अर्धी लाज तिथेच उतरेल.

आणि ताई, ते लेसरवर ‘उडवलेले’ पैसे. जी कातडी आत वळवायची तिच्यावर केस असतील तर ते आत गेल्यावरही वाढतात. आत केस, त्यात अडकलेला स्राव, वास, जंतुसंसर्ग, आणि तिथे पुन्हा लेसर करायला जागा नाही. म्हणून आधीच महिनोन्‌महिने बसून ते केस मुळातून घालवावे लागतात. तुम्हाला वाटलं पोर चेहऱ्यासाठी जाते. बहुधा ती ऑपरेशनची तयारी करत होती, एकटीच, बसने पणजीला जाऊन. तिची माफी मागा असं नाही, पण पुढच्या वेळी ‘उडवले’ म्हणू नका.

दिवाळीपर्यंत थांबायचं म्हणाल तर, या बाबतीत जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचनांची आठवी आवृत्ती 2022 साली आली. त्यात हार्मोन घेणाऱ्या व्यक्तीने अशा ऑपरेशनआधी किमान 6 महिने ते घेतलेले असावेत, आणि जाणकार तज्ज्ञाने तपासून तसं पत्र द्यावं असं आहे. आपल्याकडचे बरेच सर्जन अजून दोन-दोन मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं मागतात. तुमची लेक ही सगळी दारं ओलांडून आली आहे. चवथीला पाहुणे येतात म्हणून दिवाळीपर्यंत थांब, असं तिला सांगू नका. दिवाळीलाही पाहुणे येतातच. रजा, सर्जनची तारीख, लेसरची शेवटची फेरी हे सगळं जुळवताना तिला काय यातायात पडली असेल! पुढे ढकलायचंच झालं तर कारण वैद्यकीय हवं. रक्त कमी असणं, साखर आटोक्यात नसणं, किंवा तंबाखू. हो, तंबाखू विचारून घ्या. सिगारेट, गुटखा, मिश्रीसुद्धा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि नव्याने बसवलेली कातडी काळी पडून मरू शकते. ऑपरेशनच्या आधी किमान 4 ते 6 आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस पूर्ण बंद. घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यानेही अंगणात जायचं.

हार्मोनच्या गोळ्या ऑपरेशनआधी थांबवायच्या की नाही, हे सर्जननुसार बदलतं. रक्ताच्या गुठळीची भीती असते म्हणून काही जण थोडे आठवडे बंद करायला सांगतात. तिने मनाने काही बदलू नये. नंतर मात्र पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या गोळ्यांचं काम संपतं, कारण वृषणच नाहीत. इस्ट्रोजेन चालू ठेवावं लागतं. कुठलाच हार्मोन नसला तर हाडं ठिसूळ होतात, हे आपल्या वयाच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

रुग्णालयात साधारण 5 ते 7 दिवस. आत पॅकिंग भरलेलं असतं, म्हणजे गॉजची घट्ट वळकटी, आणि लघवीची नळी लावलेली असते. पहिले दोन दिवस दुखतं, पण त्याला औषधं असतात. जास्त त्रास पडून राहण्याचा. कंबर धरते, गॅस होतो, चिडचिड होते. तुम्ही उशाशी बसून रडू नका, तिच्या पायांची बोटं हलवायला लावा. नर्सने सांगितलं की उठवून दोन पावलं चालवा. पिंडरीत गुठळी होऊ नये म्हणून हे औषधाइतकंच महत्त्वाचं. पॅकिंग काढतात तो दिवस विचित्र असतो. दुखण्यापेक्षा ओढल्यासारखं जास्त वाटतं. त्याच सुमारास पहिल्यांदा आरशात दाखवतात. त्या वेळी जे दिसतं ते सुजलेलं, काळंनिळं, टाक्यांनी भरलेलं असतं. तिने तुम्हाला बघायला बोलावलं तर बघा, नाही बोलावलं तर बाहेर थांबा. पण बघितलंत तर चेहरा सांभाळा. बाळंतिणीची जखम पहिल्या आठवड्यात कशी दिसते ते आठवा. निम्म्याहून जास्त सूज 6 आठवड्यांत उतरते, आणि खरा आकार समजायला 6 महिने ते वर्ष जातं.

आता ती गोष्ट, जी विचारायला तुमचं तोंड उघडलं नाही.

तिला डायलेटर म्हणतात. प्लॅस्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या गुळगुळीत गोल कांड्या, बारीक ते जाड अशा चार-पाच मापांच्या. त्यांचं कारण तुम्हाला एका वाक्यात समजेल. मुलीचे कान टोचले की भोकात कडुलिंबाची काडी ठेवतो ना? दोन दिवस काढून ठेवली तर भोक बुजतं. तसंच हे, फक्त इथे भोक नाही, आख्खा मार्ग आहे. भरत येणारी जखम आकसते, हा तिचा धर्म. नवं अस्तर आतून आकसू नये, खोली आणि रुंदी राहावी म्हणून तिला पहिले साधारण 3 महिने दिवसातून 3 वेळा, दर वेळी 15-20 मिनिटं, पाण्यात विरघळणारी जेली लावून ते आत ठेवावं लागतं. मग दोनदा, मग वर्ष भरता भरता एकदा, आणि पुढे आठवड्यातून एक-दोनदा, कायमचं. नक्की किती आणि केव्हा ते तिचा सर्जन सांगेल, तेच पाळायचं.

तुम्हाला हे करावं लागणार का? नाही. तिचं तीच करणार. रुग्णालयातच आरसा धरून शिकवतात, दिशा कशी, किती आत, किती दाब. जोर लावायचा नसतो. ओटीपोटाचे खालचे स्नायू भीतीने आवळले की ते आत जात नाही, आणि ढकललं की जखम होते. लांब श्वास सोडायचा, स्नायू सैल पडायची वाट बघायची, मग हळू. आता मला सांगा, मधल्या खोलीत पडद्यामागे, बाहेरून शेजारीण ‘अगो, आसा मगे घरांत?’ म्हणत थेट न्हाणीकडे निघालीय, अशा वेळी कुठल्या माणसाचे स्नायू सैल पडतील? म्हणून सुतार.

तुमचं काम वेगळं आहे. 15-20 मिनिटं आतली, त्याआधीची तयारी, नंतर धुणं-पुसणं, डायलेटर साबणाने धुऊन कोरडे करणं, असा प्रत्येक वेळी पाऊण तास तरी जातो. तीनदा म्हणजे रोजचे सव्वादोन तास. त्या वेळात दार ठोठावायचं नाही, ‘झालं का गं?’ विचारायचं नाही, फोन आला तर ‘झोपलीय’ म्हणायचं. खाली अंथरायला जुनी सुती लुगडी फाडून ठेवा. रात्री दहाची फेरी ती कंटाळून टाळायला बघेल, सगळेच टाळायला बघतात. तेव्हा काही न बोलता गरम पाण्याचा तांब्या दाराशी ठेवा.

पावसाचं तुम्ही विचारलंत ते अगदीच चूक नाही. जखमेला पाऊस कळत नाही, पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, आणि दमट चड्डी म्हणजे बुरशीला आमंत्रण. म्हणून सुती, सैल, चांगल्या डझन-दीड डझन घेऊन ठेवा आणि प्रत्येक कपडा इस्त्री फिरवून, पूर्ण कोरडा करूनच द्या. वीज जाते तेव्हाची सोय म्हणून दोन जास्त. पहिले 4 ते 8 आठवडे पिवळसर-तपकिरी स्राव आणि थोडं रक्त येत राहतं, त्यासाठी पॅड लागतील. ते दुकानातून तुम्ही आणा, तिला पाठवू नका. लघवीनंतर आणि शौचानंतर पुसायचं ते पुढून मागे, कारण मूत्रमार्ग आता आखूड आहे, जंतू लवकर वर चढतात. लघवीची धार सुरुवातीला वाकडी-तिकडी फवारते, त्याला घाबरू नका, सूज उतरली की बहुतेकींची सरळ होते. न्हाणीघरात बसायला उंच स्टूल ठेवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्चीची सोय करा, उकिडवं बसून टाके ताणले जातात.

खाण्यात एकच ध्येय, शौचाला कुंथायला लागता कामा नये. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं. सकाळी पेज, दुपारी वरणभात-भाजी, पपई, केळी, रात्री इसबगोल, दिवसभर पाणी. मासे खाल्ल्याने जखम पिकते हे डोक्यातून काढा. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि माशाइतकं सोपं प्रथिन दुसरं नाही. 31 जुलैला मासेमारी बंदी संपते, ती तोपर्यंत घरी आलेली असेल, ताजा बांगडा घाला तिला. श्रावण पाळत असाल तर मूग, चवळी, दूध आहेच. तिखट थोडं कमी. फणसाच्या गऱ्यांचा मोह आवरा, गॅस झाला की तिलाच त्रास.

6 आठवडे जड काही उचलायचं नाही, म्हणजे भरलेली कळशीसुद्धा नाही. स्कूटर नाही, दुसऱ्याच्या मागेही नाही, पायलटच्या भाड्याच्या मोटारसायकलवर तर अजिबात नाही. तळी, नदी, समुद्र 2-3 महिने बंद. शरीरसंबंध साधारण 3 महिन्यांनी, सर्जनने तपासून हो म्हटल्यावर. हेही तिला माहीत आहे, तुम्ही फक्त ऐकून ठेवा. लॅबचं काम बैठं असेल तर 6 ते 8 आठवड्यांनी जाता येईल, दिवसभर उभं राहायचं असेल तर 3 महिने धरा. दुपारची डायलेटरची फेरी ऑफिसात कुठे करणार, हा प्रश्न तिने आतापासून सोडवायचा. अर्धा दिवस मागणं हा माझ्या मते सरळ मार्ग.

हे दिसलं तर मात्र वाट बघायची नाही: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजवणारं रक्त, 100.4 च्या वर ताप, लघवी अडकणं, घाण वासाचा पू, काळी पडत चाललेली कातडी, एकाच पिंडरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप. आणि एक क्वचित होणारी पण गंभीर गोष्ट, योनीमार्गातून वारा किंवा शौच येणं, म्हणजे गुदाशयाशी भोक पडलंय. सर्जनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि रात्री-अपरात्री बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आपत्कालीन विभागात जायला कुणाची गाडी मिळेल ते आज ठरवा. तिथे पोचल्यावर काय ऑपरेशन झालंय ते स्पष्ट सांगा, डिस्चार्ज कार्ड पुढे करा. लाजून ‘पोटात दुखतंय’ म्हणालात तर तपासणी चुकीच्या जागी सुरू होईल. उलट, बारीकसं लालसर मांस वाढून ठिबकणारं रक्त बऱ्याच जणींना येतं. ते डॉक्टर ओपीडीत सिल्व्हर नायट्रेट लावून जाळतात, त्यासाठी रात्रीची धावपळ नको.

इथे माझी एक चूक सांगते. मुंबईत नोकरीला असताना एका वॉर्डात अशीच एक पेशंट होती. कागदावर तिचं जुनं नाव होतं. सकाळच्या राउंडला मी ते नाव सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मोठ्याने पुकारलं. तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली. दिवसभर ती कुणाशी बोलली नाही. रात्री तिची लघवीची नळी तुंबली, पोट फुगून दगडासारखं झालं, पण तिने बेल वाजवली नाही. पहाटे मी ब्लडप्रेशर बघायला गेले तेव्हा लक्षात आलं. नळी धुतल्यावर जे भांडं भरलं ते मला अजून दिसतं. तिला विचारलं, का नाही बोलावलंस? ती म्हणाली, तुम्ही पुन्हा नाव घेतलं असतं. म्हणून तुम्हाला सांगते, ‘तो’ आणि ‘ती’ ही भाषेची चैन नाही. ज्या माणसासमोर आपलं नाव चुकणार आहे त्याला कुणी रक्त आलं म्हणून हाक मारत नाही. तोंडातून जुनं गेलं तर लगेच दुरुस्त करून पुढे बोला, पत्रात रेघ मारलीत तशी. मोठी माफीबिफी नको, तिला मग तुमचीच समजूत काढत बसावं लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती रडेल. भूल, वेदना, हार्मोनचे चढउतार, झोप नाही, आणि शरीर अजून सुजलेलं. ‘मी चूक केली का’ असंही म्हणेल कदाचित. त्या क्षणी ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य गिळा. 2021 साली जुन्या 27 अभ्यासांतल्या जवळजवळ 8 हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, त्यात अशा शस्त्रक्रियांनंतर पश्चात्ताप झालेले सुमारे 1 टक्का निघाले. तेव्हा ते रडणं बहुधा थकव्याचं. डोक्याला तेल लावा. पण रडणं थांबतच नसेल, जेवण सुटलं असेल, जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन.

चवथ. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून मोजलं तर ती साधारण दहाव्या आठवड्यात येते, म्हणजे डायलेटर तेव्हाही दोनदा-तीनदा चालूच असेल. 40 माणसं, एक न्हाणीघर, पाटावर गणपती, डोक्यावर फळाफुलांची माटोळी, घुमट-समेळाचं वादन रात्री बारापर्यंत. ती खोली चवथीत पाहुण्यांच्या पिशव्या ठेवायला द्यायची नाही, हे मोठ्या जावेला आतापासून सांगून टाका. ‘तिची खोली, औषधपाणी चालू आहे’, बस. माटोळीचे नारळ-सुपाऱ्या बांधायला तिला स्टुलावर चढवू नका. नेवऱ्या वळायला बसवा, पण खुर्चीवर, तासभर मांडी घालून नाही. कुणी तरी विचारणारच, ‘कितें जालां गो तिका?’ कितपत सांगायचं ते तिने ठरवायचं, तुम्ही नाही. जुलैच्या आधी एकदा बसून दोघींनी एकच वाक्य ठरवा. ‘ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी जड काम नको म्हटलंय’ एवढं पुरतं. हर्निया, अपेंडिक्स असलं काही रचू नका. आपल्या गावात प्रत्येकीच्या बहिणीचं अपेंडिक्स काढलेलं असतं, टाका दाखव म्हणतात. आणि गणपतीपुढे आरतीला तिने यायचं की नाही हा प्रश्नच नको. जखम भरलेली असो वा नसो, ती घरातली लेक आहे. पुढे येऊन तबक धरू दे.

पैशाचं. पाटल्या आत्ता मोडू नका. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम 15 मध्ये अशा शस्त्रक्रियांना विमा योजनेतून संरक्षण द्यावं असं म्हटलंय. 2022 साली केंद्राने आयुष्मान भारतमध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या संरक्षणाचा करार केला. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडचं ओळख प्रमाणपत्र लागतं आणि रुग्णालय त्या योजनेत असावं लागतं. तिच्या लॅबचा सामूहिक विमा असेल तर तिथेही विचारायला लावा, काही पॉलिसींत आता हे बसतं. हे सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर मग पाटल्या. शस्त्रक्रिया झाल्याचं रुग्णालयाचं प्रमाणपत्र तिथून निघण्याआधीच घ्या, त्याच कायद्याच्या कलम 7 खाली सुधारित प्रमाणपत्रासाठी ते लागतं. मागाहून मुंबईला खेटे घालणं नको.

मूलबाळ. गर्भाशय नाही, तेव्हा पाळी नाही, गरोदरपण नाही. स्वतःचं रक्ताचं मूल हवं असेल तर वीर्य आधीच गोठवून ठेवावं लागतं, तेही हार्मोन सुरू करण्यापूर्वी केलेलं बरं. ते झालंय का, हे तिला जुलैच्या आत एकदाच विचारा. ती नको म्हणाली तर विषय मिटला, ऑपरेशननंतर खाटेशी बसून हळहळू नका. लग्नाचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ट्रान्स स्त्रीला पुरुषाशी सध्याच्या कायद्यांखालीच लग्न करता येतं असं स्पष्ट केलंय. मुलगा बघायचं काम माझं नाही, आणि खरं तर तुमचंही नाही.

एक राहिलं, परतीचा प्रवास. बाहेरगावच्या पेशंटला सर्जन बहुतेक 2 ते 4 आठवडे जवळच राहायला सांगतात, तेव्हा मुंबईत तेवढ्या दिवसांची खोली बघा, शक्यतो लिफ्ट असलेली. परतीचं तिकीट आत्ताच काढू नका, पहिली तपासणी झाल्यावर काढा. रात्रीची बस नको, घाटात प्रत्येक खड्डा तिच्या टाक्यांवर बसेल. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू चालते, पण खालचा बर्थ मिळाला तर आडवं पडून येता येतं. मी मात्र विमान म्हणेन, तासा-सव्वा तासाचं काम, व्हीलचेअर आधी सांगून ठेवली की मिळते. मोप असो वा दाबोळी, विमानतळावरून फोंड्याला मोठी गाडी सांगा आणि मागच्या सीटवर दोन उशा टाका. डायलेटरची पेटी हातातल्या बॅगेत, सर्जनच्या चिठ्ठीसकट. सुरक्षा तपासणीला उघडायला सांगितली तर चिठ्ठी तुम्ही पुढे करा. तिला बोलावं लागता कामा नये.

तुमची,
सिस्टर